रोब: कॅरॅव्हॅन, थंडगार समुद्र आणि अण्णांचं घड्याळ

मागच्या आठवड्यात भाग आला नाही, त्याबद्दल आधी सॉरी. काही जणांनी मेसेज करून विचारलं, "भाऊ, तब्येत बरी आहे ना?" तब्येत एकदम बरी आहे. आम्ही कॅरॅव्हॅन घेऊन फिरायला गेलो होतो. आम्ही म्हणजे मी, बायको, आणि तासगावहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे मेलबर्नला आलेले आई आणि अण्णा. गावाचं नाव रोब. साउथ ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरचं दीड हजाराच्या आतबाहेर वस्तीचं गाव. आज त्याचीच गोष्ट सांगणार आहे. बसमध्ये असाल तर खिडकीची सीट पकडा.

आता खरं सांगतो, ही ट्रिप मी आखली असती तर ती निवांत झालीच नसती. माझी यादी तयार होती. ग्रेट ओशन रोड, बारा प्रेषितांचे खडक, माउंट गॅम्बियर, रोब, कूराँग, ॲडलेड. सहा दिवस. बायकोनं ती यादी बघितली आणि म्हणाली, "हे फिरणं नाही, ही बदलीची नोकरी आहे. एक गाव ठरव आणि तिथं चार रात्री रहा." मी म्हटलं, अगं, अण्णा एवढ्या लांबून आलेत, त्यांना सगळं दाखवायला नको का? ती म्हणाली, "त्यांना विचारलंयस?"

विचारलं. अण्णा म्हणाले, "मला कुठंही ने, फक्त फोनला रेंज पाहिजे."

त्याचं कारण असं. मार्च म्हणजे आमच्याकडं ऐन द्राक्षाचा आणि बेदाण्याचा हंगाम. तासगावचा बेदाणा तुम्ही खाल्लाच असेल. मागच्या वर्षी अण्णांची अँजिओप्लास्टी झाली, डॉक्टरांनी बागेतली धावपळ कमी करा म्हणून सांगितलं, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ते हंगामात बाग सोडून बाहेर पडले. बाग तात्यांच्या, म्हणजे काकांच्या हवाली. मनगटावरचं घड्याळ मात्र त्यांनी भारताच्या वेळेवरच ठेवलेलं. का, तर तिकडं सौदे कधी निघतात, शेडवर बायका कामाला कधी येतात, हे नजरेसमोर राहावं म्हणून. मेलबर्नला त्या दिवसांत साडेपाच तासांचा फरक असतो. किती वाजले विचारलं की अण्णा मनगटाकडं बघून मनात बेरीज करायचे, आणि त्या अर्ध्या तासात दरवेळी अडकायचे.

तर निघालो. भाड्यानं घेतलेली कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीच्या मागं जोडायचं चाकांवरचं घर. दोन पलंग, छोटी शेगडी, फ्रिज, बेसिन. आईचा प्लॅन होता की आपण मागं आडवं व्हायचं आणि डुलक्या घेत जायचं. तिला सांगावं लागलं की चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये माणसानं बसणं इथं कायद्यानं बंद आहे. आई म्हणाली, "मग घर कशाला म्हणायचं त्याला?"

आणि इथंच मी पहिली चूक केली. आईनं सामान आणलेलं: दहा किलो तांदूळ, पीठ, कुकर, तेलाचा डबा, चटण्यांच्या बरण्या. मी ते सगळं मागच्या पलंगाखाली सारलं, कारण तिथं जागा होती. बॅलरॅटच्या अलीकडं एक मोठा ट्रक आम्हाला ओलांडून गेला आणि आमची कॅरॅव्हॅन मागून शेपटी हलवल्यासारखी डावी-उजवीकडं झुलायला लागली. आरशात बघितलं तर पोटात गोळा. माझा पाय आपोआप ब्रेककडं गेला, आणि शेजारून अण्णांचा आवाज आला, "ब्रेक नको! पाय काढ नुसता."

मी ॲक्सिलरेटर सोडला, स्टीअरिंग सरळ धरलं. डॅशबोर्डवर कॅरॅव्हॅनच्या ब्रेकचं वेगळं बटण असतं, ते हातानं हळू दाबलं. मागचं घर ताणलं गेलं आणि सरळ झालं. जोरात ब्रेक मारला असता तर मागचं वजन गाडीला ढकलत आडवं घेऊन गेलं असतं. हे कुठून शिकलात, असं मी विचारलं. "ट्रॉली काय कमी ओढल्यात का? मागं जास्त भरलं की ट्रॉली नाचतीच."

आणि ते शंभर टक्के बरोबर होतं. नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे, म्हणून सांगतो. जड सामान चाकांच्या बरोबर वर किंवा किंचित पुढं ठेवायचं. कॅरॅव्हॅनच्या एकूण वजनाचा साधारण दहा टक्के भार गाडीच्या मागच्या हुकवर यायला हवा. सगळं जड सामान मागच्या टोकाला गेलं, की हुकवरचा भार कमी होतो आणि झोके सुरू होतात. पुढच्या थांब्यावर अण्णांनी सगळं सामान स्वतः लावलं. आईच्या तांदळाची गोणी बरोबर चाकावर. मग नव्वदच्या वर काटा गेला नाही, आणि झोकाही आला नाही.

नव्वदनं जाण्याची एक गंमत आहे. पहिला तासभर वाटतं, सगळे आपल्या पुढं जातायत. नंतर त्याचं काही वाटेनासं होतं. समोरून येणारे कॅरॅव्हॅनवाले हात करतात. आपणही करायचा. अण्णांनी तर पुढं ट्रकवाल्यांनाही हात करायला सुरुवात केली.

पहिला मुक्काम अरारटला केला. मुद्दाम सांगतो, कारण रोबची गोष्ट तिथून सुरू होते. १८५० च्या दशकात व्हिक्टोरियात सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं धावली. चीनच्या ग्वांगडाँग भागातूनही हजारो आले. मग व्हिक्टोरियाच्या सरकारनं १८५५ मध्ये कायदा केला: जहाजातून उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसामागं दहा पौंड कर. फक्त चिनी माणसाला, बरं का. मग जहाजवाल्यांनी वाट काढली. व्हिक्टोरियात उतरायचंच नाही, शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात उतरायचं आणि तिथून चालत यायचं. ते उतरायचं बंदर म्हणजे रोब. तिथून सोन्याच्या खाणींपर्यंतची वाट चारशे किलोमीटरहून जास्त, आणि तीही पायी. अशाच चालत निघालेल्या एका जथ्थ्याला १८५७ मध्ये वाटेत सोनं सापडलं, आणि त्यातून अरारट शहर उभं राहिलं. तिथं त्यांच्या स्मरणार्थ गम सान नावाचं संग्रहालय आहे. अण्णांनी आत एक गोष्ट बराच वेळ बघितली. खांद्यावर आडवी काठी आणि दोन्ही टोकांना ओझं. "कावड की ही," एवढंच म्हणाले.

म्हणजे ते चालत आले त्याच्या उलट दिशेनं आम्ही निघालो होतो, एसी गाडीत बसून.

दुसऱ्या दिवशी डंकेल्ड, हॅमिल्टन, कॅस्टर्टन करत राज्याची हद्द जवळ आली आणि दुसरा घोळ. अण्णांनी मेलबर्नच्या बाजारातून दोन किलो द्राक्षं घेतली होती, इथल्या मालाची परीक्षा करायला. साउथ ऑस्ट्रेलियात बाहेरून फळं न्यायला बंदी आहे, फळमाशीमुळं. एक माशी शिरली तर तिथल्या बागायतदारांचं कंबरडं मोडेल, म्हणून नियम कडक आणि दंडही मोठा. मला वाटलं अण्णा चिडणार. उलट तेच आम्हाला ओरडले. "आधी का नाही सांगितलंस? बागेत रोग शिरला तर काय होतं ते मला विचार." मग रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून आम्ही चौघांनी जमतील तेवढी द्राक्षं तिथंच खाल्ली, उरलेली हद्दीच्या अलीकडंच टाकली. अण्णांचा निकाल: "साल जाड हाय, पण गोडी बरी."

हद्द ओलांडली आणि पेनोलाजवळ दोन्ही बाजूंना द्राक्षबागा सुरू झाल्या. हा कूनावाराचा पट्टा. तिथली माती लालभडक आणि तिच्याखाली चुनखडी, त्यामुळं पाणी साठून राहत नाही. अण्णा खाली उतरले नाहीत, कारण आत जायला बंदी. कुंपणाबाहेरूनच बघत राहिले. आणि तिथं माझ्या फोनवरची वेळ आपोआप अर्धा तास मागं गेली. साउथ ऑस्ट्रेलिया व्हिक्टोरियापेक्षा अर्धा तास मागं असतं. भारताशी फरक बरोबर पाच तास. मी सांगितलं तसं अण्णांनी मनगट वर केलं, माझ्या फोनशेजारी धरलं. मिनिटकाटा जुळला होता! "हे बरं झालं," म्हणाले, "आता नुसतं पाच मिळवायचे."

संध्याकाळी रोबला पोचलो. कॅरॅव्हॅन पार्क म्हणजे काय, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आखलेल्या जागा असतात, प्रत्येक जागेला विजेचा खांब आणि पाण्याचा नळ. गाडी मागं घ्यायची, चाकांना लाकडं लावायची, घर सपाटीला आणायचं, वायर जोडायची, सांडपाण्याची नळी लावायची. मला मागं घ्यायला चार प्रयत्न लागले. पाचव्या वेळी अण्णांनी किल्ली मागितली, पण त्यांना इथं चालवायची परवानगी नव्हती. मग ते मागं उभे राहून "येऊ दे, येऊ दे, बास!" करत राहिले. आख्ख्या पार्कला कळलं की मराठी माणसं आलीत.

रोबमध्ये आम्ही काय केलं? फारसं काही नाही, आणि तेच करायचं होतं. सकाळी चहा, पोहे. मग लाँग बीचवर. हा सतरा किलोमीटर लांब किनारा आहे आणि वाळू इतकी घट्ट की गाडी पाण्याच्या कडेपर्यंत नेता येते. लोक गाडी लावतात, छत्री उघडतात, दिवसभर तिथंच. आईनं पाय पाण्यात घातले आणि किंचाळली. उन्हाळ्यात एवढं गार पाणी! कोकणात समुद्र कोमट असतो, हे तिच्या डोक्यात. इथं होतं असं, की उन्हाळ्यात दक्षिण-पूर्वेचा वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब ढकलतो आणि त्याच्या जागी खोलातलं गार पाणी वर येतं. त्याला बॉनी अपवेलिंग म्हणतात. त्या पाण्याबरोबर खोलातलं खाद्य वर येतं, म्हणून या किनाऱ्यावर निळे देवमासेसुद्धा चरायला येतात. आणि रोबचा धंदाही त्या समुद्रावरच आहे, शेवंडीचा. ऑक्टोबर ते मे हंगाम. लेक बटलरच्या धक्क्यावर होड्या परतल्या की उभं राहून बघायचं.

संध्याकाळी डॉम्बी भूशिरावर. तिथं लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा एक उंच खांब आहे, १८५५ मध्ये जहाजांना खूण म्हणून बांधलेला. आधी तो नुसता पांढरा होता. मागच्या पांढऱ्या वाळूत तो जहाजांना दिसेना, म्हणून १८६२ मध्ये लाल पट्टे काढले. त्याच्या आत रॉकेट ठेवलेली असायची. अडचणीतल्या जहाजाकडं रॉकेटनं दोरी फेकायची. आता त्याच्या खालचा कडा समुद्र खातोय. जवळ जाता येत नाही, लांबून बघायचं.

आणि पाच वाजले की पार्कात घडीच्या खुर्च्या बाहेर येतात. शेजारी एक रिटायर्ड जोडपं होतं, सहा महिन्यांपासून घराबाहेर. आईला इंग्रजी येत नाही, त्या बाईंना मराठी. तरी आईनं त्यांना शेंगदाण्याची चटणी खायला घातली आणि दोघी तासभर बोलत होत्या. काय बोलल्या, देव जाणे.

मग तुम्ही म्हणाल, सगळं छानच चाललं होतं. नाही. कारण दोन माणसं मनानं तिथं नव्हती. एक अण्णा, दर दोन तासांनी तात्यांना फोन. आणि दुसरा मी. माझ्या टीमचं त्या आठवड्यात मोठं काम होतं, सुट्टी घेतली होती पण लॅपटॉपही घेतला होता. टॉयलेटला जातो सांगून मी पार्कच्या किचनमध्ये बसून मेसेज बघायचो. बायकोला कळत होतं. ती काही बोलली नाही, आणि ते जास्त लागत होतं.

तिसऱ्या रात्री अकराला अण्णांचा फोन वाजला. तासगावात संध्याकाळचे सहा. तात्या म्हणाले, ढग भरून आलेत, वारा सुटलाय. अवकाळी. शेडमध्ये बेदाणा वाळत घातलेला. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो: द्राक्षं शेडमध्ये जाळीच्या कप्प्यांवर दोनेक आठवडे वाळवतात. त्यात पाणी शिरलं की बेदाणा काळा पडतो आणि भाव पडतो. वर्षभराची मेहनत एका तासात.

अण्णा बाहेर जाऊन खुर्चीत बसले. मी शेजारी. त्यांनी सांगायला सुरुवात केली, "पश्चिमेकडचे पडदे आधी सोडा, कोपऱ्यातला दोर कुजलाय, तिथं दुसरा बांधा..." आणि मध्येच फोन कट. पुन्हा लागेना. पाऊस आला की आमच्याकडं लाइट आणि रेंज दोन्ही जातात.

मी काय बोलणार? इंटरनेटवर ढगांचा नकाशा दाखवायला गेलो, त्यांनी हात केला, नको म्हणून. तासगाव कुठं, रोब कुठं. काहीच करता येत नव्हतं. समुद्राचा आवाज येत होता. थोड्या वेळानं अण्णा वर बघायला लागले. म्हणाले, "तो मृग काय रं?" मी बघितलं. वायव्येला मृग नक्षत्र, पण आख्खं उलटं. दक्षिण गोलार्धात ते तसंच दिसतं. ते तीन तारे ओळखीचे, बाकी सगळं डोक्यावर उभं. जन्मभर पावसाचा हिशोब ज्या नक्षत्रांवर केला, त्यातलंच एक. अण्णा हसले. "हितं तर मृगच पालथा पडलाय. पाऊस कसा यायचा?"

एक वाजता तात्यांचा फोन आला. शेजारचे चार जण धावून आले, पडदे वेळेत सोडले. कोपऱ्यातले दोन कप्पे भिजले, बाकी माल कोरडा. अण्णा "बरं, बरं, जेवून घ्या आता" म्हणाले आणि फोन ठेवला. मग बराच वेळ गप्प. मला वाटलं दोन कप्प्यांचं वाईट वाटतंय. ते म्हणाले, "मी तिथं असतो तरी दोन भिजलेच असते." आणि थोड्या वेळानं, "तात्याला जमतंय."

हे वाक्य आनंदाचं होतं की दुःखाचं, मला अजून ठरवता आलेलं नाही. चाळीस वर्षं आपल्याशिवाय पान हलत नाही असं वाटावं, आणि एका रात्रीत कळावं की हलतं. मी त्यांना सांगितलं, अण्णा, मीपण लपून ऑफिसचं काम बघतोय. ते म्हणाले, "माहिताय मला. तुझ्या आईलापण माहिताय."

सकाळी मी टीमला एकच मेसेज टाकला, सोमवारी भेटू. लॅपटॉप गाडीच्या डिकीत. कोणाचा फोन आला नाही, काम झालं. मला थोडं वाईटच वाटलं, अण्णांसारखंच.

त्या शेवटच्या दिवशी आम्ही किनाऱ्याजवळचा एक दगड बघायला गेलो, इथं उतरलेल्या चिनी लोकांच्या स्मरणार्थ बसवलेला. दोनेक वर्षांत सोळा हजारांहून जास्त माणसं या एवढ्याशा गावात उतरली, जेव्हा गावाची वस्ती काही शेकडा होती. जहाजं खाडीत नांगर टाकायची, माणसं होडीनं किनाऱ्यावर. सगळी जहाजं परत गेलीही नाहीत. १८५७ च्या जूनमध्ये एक डच जहाज चिनी प्रवासी उतरवून झाल्यावर वादळात याच लाँग बीचवर फुटलं, सोळा खलाशी बुडाले. जिथं आई पाय बुडवून किंचाळत होती, तो हाच किनारा. त्याच वर्षी साउथ ऑस्ट्रेलियानंही कर लावला आणि जहाजांची रीघ आटली.

मी हे सगळं अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "शेतकरीच असतील की यातले?" मी म्हटलं, बरेचसे. "मग मागं शेती कोण बघत होतं?" मी म्हटलं, भाऊ, बायको, आई, असंच कोणीतरी. "आणि खबर?" खबर म्हणजे पत्र, जहाजानं, महिन्यांनी. अण्णा दगडाकडं बघत म्हणाले, "मला रात्री दोन तास कळलं नाही तर काय अवस्था झाली."

बस, एवढंच. त्यावर आम्ही काही मोठी चर्चा केली नाही. जाऊन चहा घेतला. त्या दिवशी अण्णांनी तात्यांना एकदाच फोन केला, तोही संध्याकाळी. दिवसभर लाँग बीचवर छत्रीखाली झोपले. घोरत होते. आईनं फोटो काढलाय.

येताना हद्दीवर माझा फोन पुन्हा अर्धा तास पुढं गेला. अण्णांनी मनगट वर केलं, मिनिटकाटा चुकला होता. मला वाटलं, आता तरी बदलतील. नाही बदललं. म्हणाले, "राहू दे. अर्धा तास काय, मिळवतो मी."

जाता जाता, कोणाला कॅरॅव्हॅन घेऊन जायचं असेल तर चार गोष्टी. जड सामान चाकावर, मागं नाही. झोका आला तर पाय काढा, ब्रेक नको. दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठा, कांगारू त्याच वेळी रस्त्यावर येतात. आणि गावं कमी, रात्री जास्त.

तुमच्या घरी असं कोणी असेल, जे सुट्टीतही सुट्टीवर नसतं, तर हा भाग त्यांना पाठवा. स्वतःच असाल, तर स्वतःलाच पाठवा. पुढच्या आठवड्यात वेळेवर भेटू, नक्की. तोवर काळजी घ्या, आणि घरी एक फोन करा.